खांद्याचं पातं बाहेर आलं होतं, त्यासाठी थेराबँड: सात-आठ महिन्यांनंतरचा अनुभव

उजव्या खांद्याचं पातं कुर्त्यातूनही उठून दिसायचं. ताठ पाठीच्या खुर्चीला टेकलं की त्याची कड लाकडाला टोचायची आणि वरच्या फळीवरचा डबा काढताना हात अर्ध्यावरच भरून यायचा. फिजिओथेरपिस्टनी लाल थेराबँड, म्हणजे व्यायामाचा ताणला जाणारा रबरी पट्टा, घ्यायला सांगितला.

पण बँड मागवण्याआधी पातं का बाहेर आलंय ते तपासून घ्याच. पात्याला फासळ्यांशी धरून ठेवतो तो सेराटस अँटेरिअर हा स्नायू. त्याला चालवणारी लाँग थोरॅसिक नस मानेतून निघून छातीच्या कडेने बरीच वरवरून जाते. त्यामुळे जड सॅकचा दाब, जोराचा हिसका, काखेतलं ऑपरेशन यांनी ती दुखावू शकते. नस दुखावली असेल तर बँड ओढून ती बरी होत नाही. तिला वेळ द्यावा लागतो, कित्येकदा ६ महिने ते २ वर्षं, आणि तोवरचा व्यायाम मुख्यतः खांदा आखडू नये म्हणून असतो. मला ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी भिंतीला तळवे टेकवून ढकलायला लावलं, मागून पाहिलं आणि ईएमजी-एनसीव्ही ही नस आणि स्नायूंची तपासणी करून घेतली. नस शाबूत निघाली. स्नायू कमजोर होता आणि लॅपटॉपपुढे वाकून बसल्याने छातीचे स्नायू आखडले होते. खालचा अनुभव अशाच दुखण्याचा आहे.

बँड पाठीमागून घ्यायचा, टोकं दोन्ही मुठींत धरून हात समोर सरळ करायचे. बहुतेक जण इथेच थांबतात. खरं काम पुढे आहे: कोपर अजिबात न वाकवता मुठी आणखी दोन बोटं पुढे सरकवायच्या आणि सावकाश मागे यायचं. बरोबर जमलं तर काखेखाली, फासळ्यांवर ताण कळतो. मानेत कळला तर बँड जड होतोय, एक रंग खाली या. पिवळा हलका, मग चढत्या ताणाने लाल, हिरवा, निळा. मी आता हिरव्यावर आहे.

बँडबद्दल तक्रार एकच. घामाने चिकटतो, कडा गुंडाळल्या जातात. थोडी टाल्कम पावडर लावली की सुटतो. नखाने किंवा अंगठीने बारीक चीर पडली तर लगेच बदला, ताणात तुटला तर तोंडावर येतो. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर बिनलॅटेक्सचा मिळतो.

घरात पोश्चर बेल्टही होता, तोही वापरून पाहिला. घातला असेपर्यंत खांदे मागे राहतात, काखेत काचतो, काढला की पुन्हा तेच. सेराटसचं काम पातं पुढे नेऊन फासळ्यांवर दाबून धरायचं; बेल्ट खांदे नुसते मागे खेचतो, स्नायूला काहीच करू देत नाही. माझ्या मते पैसे वाया.

आज हात खाली सोडून उभी राहिले तर पातं जवळजवळ सपाट दिसतं. भरलेली कळशी सावकाश खाली ठेवताना मात्र अजून थोडं उचललं जातं. डबा सहज निघतो.

खांद्यात अचानक असह्य कळ येऊन नंतर हात लुळा पडू लागला, किंवा मानेच्या गाठीच्या ऑपरेशननंतर पातं सरकलं, तर बँड बाजूला ठेवा आणि आधी न्यूरोलॉजिस्टना दाखवा. मुलांमध्ये एकाच बाजूचं पातं वर दिसत असेल तर त्यांना पुढे वाकायला सांगून पाठ बघा. एक बाजू उंच दिसली तर दुखणं पात्याचं नसून कण्याच्या बाकाचं असू शकतं, डॉक्टरांना दाखवा.