मरांट्झ पीएम ६००७ आणि माझे टोचरे स्पीकर

माझे स्पीकर कानाला टोचतात, तर मरांट्झचा हा अँप (स्पीकरला ताकद पुरवणारं यंत्र) घेऊन ते मऊ होतील का, हा प्रश्न होता. ते टोचतात हा निकाल आईनं आधीच दिला होता. मी संतूर लावलं तर स्वयंपाकघरातून म्हणाली, "काहून रे, वाजवून रायले का कोनी ताटं घासून रायलं?"

माझे बुकशेल्फ स्पीकर, म्हणजे फळीवर मावतील असे छोटे, आणि त्यांचा ट्विटर (बारीक, उंच आवाज काढणारा भाग) धातूच्या डोमचा, म्हणजे घुमटीचा. सेन्सिटिव्हिटी ८५ डेसिबल, म्हणजे आवाज काढायला वॉट जास्त लागतात; इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) कागदावर ६ ओहम, पण मध्येच ४ पर्यंत घसरतो, तेव्हा अँपवर भार वाढतो. त्यांना २० वॉटचा चिमुकला क्लास-डी (कमी तापणाऱ्या रचनेचा) अँप जोडलेला. नागपुरात मनीषनगरचा फ्लॅट, खाली गुळगुळीत टाइल्स, समोर काचेची मोठी खिडकी. त्यात मे महिना, म्हणजे कूलर सुरू.

खरी गोम कूलरमध्ये होती. त्याच्या घरघरीवर मात करायला आवाज वाढवायचा, मग अँपचा दम संपायचा. तबल्याची थाप आली की लहरीचा माथा कापला जायचा, आणि त्या कापाकापीतून जे निपजतं ते कर्कशच असतं. कूलर बंद करून हळू आवाजात ऐकलं तर निम्मी बोच गायब. मी मात्र सहा महिने ट्विटरला शिव्या घालत होतो.

बर्डीवरच्या एका दुकानात "वॉर्म (मऊ, उबदार आवाजाचा) अँप घ्या, सोबत ही चांदीची केबल" असा सल्ला मिळाला. केबल तिथंच ठेवली. दुसऱ्या दुकानात स्वतःचे स्पीकर ऑटोत मांडीवर घेऊन गेलो आणि तिथं हा मरांट्झ ऐकला. ८ ओहमला ४५ वॉट, ४ ओहमला ६०. फोनवरच्या मीटरनं माझ्या जुन्या अँपचा आणि याचा आवाज सारखा करून घेतला, कारण जो जरा मोठा वाजतो तोच गोड वाटतो. हळू आवाजात फरक थोडा होता, खोटं कशाला बोलू. वाढवल्यावर मात्र थाप भरीव राहिली, चाट (तबल्याच्या काठावरचा बोल) टोचली नाही. २० चे ४५ म्हणजे जेमतेम साडेतीन डेसिबल, पण मला नेमके तेवढेच कमी पडत होते.

सोर्स डायरेक्टचं बटण दाबलं की टोन कंट्रोल, म्हणजे जाड-बारीक आवाज कमीजास्त करायच्या कळा, बाजूला पडतात. मी ते दाबत नाही. ट्रेबल (बारीक आवाज) अकराच्या काट्यावर, म्हणजे मध्यापेक्षा जरा कमी ठेवतो. मित्र नाक मुरडतात, मुरडू देत.

घरी आणल्यावर स्पीकरांसमोर जाड सतरंजी अंथरली आणि त्यांची तोंडं कानांवरून थोडी बाहेर वळवली. सोळा आण्यांतले सहा अँपचे, उरलेले दहा या उद्योगाचे. उलट क्रमानं केलं असतं तर कदाचित कमी वॉटमध्येही भागलं असतं.

बाकी ऑप्टिकलवर टीव्ही, फोनोवर बाबांचा टर्नटेबल, दोन्ही मजेत. क्लास-एबी रचनेचा अँप आहे, तापतो. बाहेर ४५ अंश असताना वरून हवा खेळती हवी. आईनं त्यावर पसरलेला क्रोशाचा रुमाल मी आतापर्यंत तीनदा काढलाय.