यकृतातील गाठीसाठी कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी: एका केंद्रातील अनुभव

वडिलांच्या साध्या सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या भागात सुमारे अडीच सेंटिमीटरची गाठ दिसली. रिपोर्टमध्ये सीटी स्कॅनचा सल्ला होता. परंतु क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे सांगणारा रक्तातला घटक) वाढलेले असल्याने सीटीसाठीचे आयोडीनयुक्त औषध देण्यास आमचे डॉक्टर राजी नव्हते. म्हणून पुण्यातील एका तपासणी केंद्रात आम्ही कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी, म्हणजे शिरेतून औषध देऊन केलेली सोनोग्राफी, करून घेतली.

यासाठी सोनोव्ह्यू हे औषध वापरले. कुपीतल्या पांढऱ्या भुकटीत सलाईन घालून ती २० सेकंद जोरात हलवली की ताकासारखा द्राव तयार होतो. त्यात सल्फर हेक्साफ्लोराइड वायूचे, तांबड्या पेशीहूनही लहान बुडबुडे असतात. हे बुडबुडे पडद्यावर उजळ दिसतात, रक्तवाहिनीबाहेर झिरपत नाहीत आणि वायू श्वासावाटे निघून जातो, त्यामुळे मूत्रपिंडाला त्रास नाही. इंट्राकॅथमधून (शिरेत बसवलेल्या बारीक नळीतून) २.४ मिली औषध गेले आणि त्याच क्षणी यंत्रावरचे घड्याळ सुरू झाले.

सगळी मदार या घड्याळावर असते. यकृताला रक्त धमनीतून आणि आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून अशा दोन वाटांनी मिळते, त्यामुळे गाठ केव्हा उजळते आणि केव्हा काळवंडते यावरून तिची जात ओळखता येते. सिरॉसिस झालेल्या (व्रणांनी कडक झालेल्या) यकृतातला कर्करोग धमनीच्या टप्प्यात, म्हणजे औषध आधी धमनीतून पोहोचते तेव्हा, उजळून बहुधा मिनिटभरानंतर हळूहळू फिका पडतो, तर दुसऱ्या अवयवातून पसरलेली गाठ सहसा मिनिटाच्या आतच काळी होते. वडिलांच्या गाठीच्या कडेला आधी कापसाच्या बोंडांसारखे ठिपके उमटले, मग उजेड आत आत सरकत गेला आणि चौथ्या मिनिटाला मधोमध एवढासा काळा डाग उरला. हा हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ, असे रेडिओलॉजिस्ट मॅडमनी पडद्यावर दाखवत समजावले. श्वास कधी रोखायचा याची त्यांनी आधीच वडिलांकडून तालीम करून घेतली होती, याचे मला विशेष वाटले.

तक्रारी आहेतच. दिलेल्या वेळेनंतर दोन तास बसावे लागले. रिपोर्टमध्ये निदान होते, पण कोणत्या सेकंदाला काय दिसले याचा उल्लेख नव्हता. मागितल्यावर पुरवणी मिळाली, मात्र ती न मागता यायला हवी होती. तपासणीनंतर अर्धा तास निरीक्षणाखाली ठेवले, ते योग्यच.

ब्रिटनमध्ये उपचार व तपासण्यांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या नाइस संस्थेने साध्या सोनोग्राफीत अचानक आढळलेल्या गाठींसाठी या पद्धतीची शिफारस २०१२ मध्येच केली आहे. तरीही एका इंजेक्शनमध्ये धमनीच्या टप्प्यात एकाच गाठीवर नीट लक्ष ठेवता येते, आणि चरबी खूप असेल किंवा गाठ खोल असेल तर चित्र धूसर येते. अनेक गाठी असणाऱ्यांना एमआरआय अधिक सोयीचे पडेल.

सहा महिन्यांनी पुन्हा साधी सोनोग्राफी सांगितली आहे. ती याच केंद्रात करू, फक्त सकाळची पहिली वेळ मागून घेऊ.