मनगटावर, कमरेला की मांडीवर? आईसाठी सेन्सर निवडताना

आई सांगलीत एकटी राहते, मी पुण्यात. तिच्यासाठी हालचाल टिपणारं मनगटावरचं घड्याळ आणि तशीच कमरेला लावायची छोटी डबी, दोन्ही आम्ही वापरून पाहिलं. तुम्हीही याच विचारात असाल, तर आधी एवढं ठरवा: ती पडली तर लगेच कळायला हवंय, की तिचं चालणं महिन्यागणिक मंदावतंय का हे बघायचंय? एकच जागा दोन्हींना सारखी उपयोगी पडत नाही.

आतला मुख्य भाग दोन्हींत एकच, अ‍ॅक्सेलरोमीटर. तो तीन दिशांनी हालचाल मोजतो आणि स्थिर असतानाही गुरुत्वाकर्षण त्याला जाणवतं, म्हणून आपण आडवे आहोत की उभे याचा अंदाज येतो. पण तो ज्या अवयवावर बांधलाय, त्याच अवयवाचं सांगतो.

मनगटावरचं घड्याळ हाताचं सांगतं. आई ओट्यापाशी जागची न हलता पोळ्या लाटत होती आणि घड्याळात पावलं वाढत होती. संध्याकाळी भजनात टाळ वाजवले, तेव्हाही तेच. उलट वॉकर धरून चालणाऱ्याचा हात झुलत नाही, त्यामुळे खरी पावलंच गळतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कुणावर लक्ष ठेवायचं असेल, तर घड्याळातल्या पावलांच्या आकड्यावर विसंबू नका.

कमरेची डबी शरीराच्या तोलाजवळ असते, त्यामुळे चालणं, जिना चढणं, उतरणं तिला जास्त स्वच्छ कळतं. सेन्सरवरून हालचाली ओळखण्याच्या संशोधनात फार वापरला जाणारा एक खुला डेटासंच, म्हणजे कुणालाही वापरता येणारा नोंदींचा साठा, असाच कमरेला फोन बांधून केलेला आहे: ३० माणसं आणि चालणं, जिना चढणं, उतरणं, बसणं, उभं राहणं, झोपणं या सहा क्रिया. त्यात बसणं आणि उभं राहणं यांची गल्लत होते, कारण दोन्ही वेळा धड सरळच असतं. शिवाय ती माणसं १९ ते ४८ वयाची होती, आणि जमिनीवर मांडी घालून बसणं त्या सहा क्रियांत नाही. आमच्या आईचा निम्मा दिवस तर तसाच जातो! म्हणून दुकानदार अचूकतेचा मोठा आकडा सांगेल, तेव्हा तो कुणावर आणि कुठल्या हालचालींवर काढलाय, हे जरूर विचारा.

डबीची खरी अडचण घालण्याची. साडीत ती परकराच्या नाडीला अडकवायची, गाऊनमध्ये अडकवायला जागाच नाही. "टोचतं गं सारखं," म्हणून आई ती देवघरापाशी काढून ठेवायची. काढून ठेवलेली डबी काहीच सांगत नाही.

मांडीला चिकटवायचा सेन्सर बसणं आणि उभं राहणं सगळ्यात चांगलं ओळखतो, कारण बसताना मांडी आडवी होते. मात्र बसणं आणि झोपणं त्याला सहज वेगळं करता येत नाही. फिजिओथेरपिस्टने आठवडाभराची नोंद मागितली तर उत्तम, रोजच्या वापराला नाही.

आता पडण्याबद्दल. पडताना क्षणभर वजन हरपल्यासारखी नोंद येते, मग जोरदार आदळ, मग निश्चलता. सेन्सर बहुतेक याच क्रमावर भिस्त ठेवतो. भिंतीला धरून हळूहळू खाली सरकणाऱ्या माणसाची आदळ होत नाही, ते पडणं निसटू शकतं. अ‍ॅपलने २०१८ मध्ये घड्याळात ही सोय आणली. त्यात माणूस साधारण मिनिटभर हलला नाही, तर आपत्कालीन सेवेला फोन आपोआप लागतो. सिम नसलेलं घड्याळ मात्र जवळच्या फोनवर अवलंबून असतं, हे घेताना बघा.

माझं मत विचाराल तर एकट्या राहणाऱ्यांसाठी घड्याळच घ्या. चालण्याच्या मोजमापात ते कमी पडतं, पण ते हातात राहतं, आणि पडण्याच्या बाबतीत तेच मोलाचं. आम्ही चूक केली ती चार्जिंगची: रात्री घड्याळ चार्जरवर आणि आई अंधारात बाथरूमकडे. आता दुपारचं जेवण झालं की शेजारच्या काकू गप्पांना येतात, तेवढा वेळ ते चार्जिंगला लागतं. पहिला संपर्क क्रमांकही काकूंचाच टाकलाय. मला पुण्याहून पोचायला चार-पाच तास लागतात, त्यांना जिना उतरायला एक मिनिट.