बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू

चार महिने वापरून मग लिहितोय. पाकिटातून काढल्यावर ही वस्तू थेट बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू वाटते. मधे बारीक तार, भोवती केस, धरायला प्लॅस्टिकची बोटभर दांडी. नाव इंटरडेंटल ब्रश, काम दातांच्या फटीतलं. पहिल्या रात्री बायकोने मागून डोकावून विचारलं, "दात घासताय की बाटली धुताय?"

मला मधुमेह होऊन बारा वर्षं झाली. बोट टोचून साखर बघतो, रात्री तळपाय तपासतो, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा दाखवतो. तोंड मात्र या यादीत कधी नव्हतंच. दुखत नव्हतं ना! हिरड्यांचा आजार बराच काळ दुखत नाही, हीच त्याची खोड. मधुमेह्याला त्याचा धोका इतरांच्या दोन-तीन पट, आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखरही आटोक्यात यायला कुरकुरते. हे डेंटिस्टकडून कळलं तोवर मागच्या दाढांपाशी हिरडी दातापासून सुटून 5 मिलिमीटर खोल खिसे झाले होते. निरोगी हिरडीत ही खोली 3 च्या आत असते. आधी हिरडीखालची सफाई झाली, मग हा ब्रश हाती आला.

खालच्या दोन दाढांमधून पहिल्यांदा बाहेर काढला तर पांढरे केस लालभडक. कुतूहलाने वास घेतला. घ्यायला नको होता. दिवसातून दोनदा दात घासणारा माणूस मी, म्हणजे इतकी वर्षं नुसता दर्शनी भाग पुसत होतो!

रक्त बघून घाबरलो आणि दोन दिवस ब्रश बाजूला ठेवला, ती माझी चूक. रक्त सुजेमुळे येतं, आणि फटीतला थर तसाच राहिला की सूज हटत नाही. पुन्हा सुरू केल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी केस पांढरे निघाले. तुमचं दोन आठवड्यांतही थांबलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

आता तक्रारी. मापाचा घोळ मोठा आहे. मला पुढे सगळ्यात बारीक आणि मागे त्याहून दोन मापं जाड लागतो. अंदाजाने आणलेलं पहिलं पाकीट अख्खं वाया गेलं. माप डेंटिस्टकडूनच काढून घ्या. तार तर भलतीच नाजूक. एकदा जोर केला आणि तुकडा दाढेत अडकला, रात्री अकराला आरशासमोर चिमटा घेऊन उभा होतो. शिवाय माझ्या बोटांना मुंग्या येतात, त्यामुळे ती इवलीशी दांडी निसटते. लांब दांडीचा प्रकार मिळतो, तो घ्या. माझं तोंड कोरडं पडतं, म्हणून ब्रश आधी पाण्यात भिजवतो, नाहीतर टोचतो. आणि नंतर अल्कोहोलवाल्या माउथवॉशने चुळा भरू नका, कोरड्या तोंडाला ती जळजळ नको. (पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्रही घेतलं होतं. अर्धा फवारा आरशावर, आवाज मिक्सरचा. सध्या कपाटात आहे.)

एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) 8.2 वरून 7.7 टक्क्यांवर आलंय. याचं श्रेय ब्रशला देणार नाही, कारण मधे गोळीही बदलली. हिरड्यांच्या उपचारांनंतर तीन-चार महिन्यांत ते सरासरी 0.4 च्या आसपास उतरल्याचं अभ्यासांत दिसतं, पण तो उपचार डेंटिस्टचा, माझ्या रात्रीच्या दोन मिनिटांचा नव्हे.

पाचपैकी चार तारे. एक तारा तारेसाठी कापला. परवा खिसे पुन्हा मोजले, बाकीचे 3-4 वर आलेत. उजवीकडची शेवटची दाढ अजून 5 वरच अडून बसली आहे, पुढच्या महिन्यात तिथे परत सफाई.