गाठीचा तुकडा की रक्ताची नळी?

फुप्फुसाच्या कॅन्सरचं निदान झालं की जळगाव-धुळ्याच्या घरांत हल्ली हा प्रश्न येतोच: पुढची तपासणी गाठीच्या तुकड्यावर करायची की नुसत्या रक्तावर?

माझं मत स्पष्ट आहे, तुकडा आधी. इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागी करणारे उपचार) ठरवताना पीडी-एल१ हे प्रथिन गाठीच्या किती टक्के पेशींवर आहे ते पाहतात. ५० टक्के किंवा जास्त असेल तर अनेकदा केमोशिवाय नुसती इम्युनोथेरपी देता येते. हे मोजायला पेशीच लागतात. रक्तात तरंगणाऱ्या गाठीच्या डीएनएवरून ते कळत नाही. म्हणून रिपोर्टसोबत तुकड्याचा मेणात बसवलेला ‘ब्लॉक’सुद्धा लॅबमधून मागून घ्या. भुसावळहून मुंबईला नेताना तो उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. आपल्याकडचा मे महिना आणि मेण, जपलेलं बरं.

गाठ अवघड जागी असेल, तुकडा अपुरा निघाला असेल किंवा पेशंटला पुन्हा सुई सोसवणार नसेल, तर रक्त कामाला येतं. ईजीएफआर या जनुकातल्या बदलासारखे गाठीचे जनुकीय बदल त्यात सापडू शकतात. हे कळणं फार गरजेचं, कारण असे बदल असलेल्या पेशंटना इम्युनोथेरपीचा फायदा सहसा कमी होतो आणि त्या बदलावरच नेम धरणाऱ्या गोळ्या जास्त लागू पडतात. मात्र साध्या ईडीटीए नळीतलं (रक्त गोठू न देणारं रसायन असलेली नेहमीची नळी) रक्त काही तासांतच प्रक्रियेला जावं लागतं. नंदुरबारहून पाठवायचं तर पेशी टिकवणारी खास नळीच मागा. आणि रक्तात बदल दिसला नाही म्हणजे तो नाहीच, असं धरू नका. गाठ रक्तात डीएनए कमी सोडत असेल तर तो निसटतो. तेव्हा डॉक्टरांना ब्लॉकवर तपासणी करायला सांगा.