थंड इंजिनातला ठोका: आधी नोझल काढावे की चेंबर उतरवावे?

निफाड, लासलगाव परिसरात हिवाळ्यात पारा एक आकडी होतो, तेव्हा जुने ट्रक पहाटे सुरू होताना ठोका देऊ लागतात आणि मालकापुढे प्रश्न उभा राहतो: नोझल व डिझेल पंपाच्या कामावर भागवावे, की इंजिन खालून, म्हणजे तळाचे ऑईलचे चेंबर उतरवून, उघडावे? येथे टाटाचे ६९७ इंजिन डोळ्यांसमोर ठेवले आहे: सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), १२८ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची चाल), थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल आणि रांगेतला पंप. दोन्ही कामांच्या खर्चात मोठी तफावत आहे; त्यामुळे मिस्त्रीच्या पहिल्या अंदाजावर इंजिन खोलण्यास होकार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बहुतेक वेळा दोष ज्वलनाचा असतो. थंड सिलिंडरमध्ये दाबलेली हवा पुरेशी तापत नाही, म्हणून फवारलेले डिझेल पेट घेण्यास उशीर करते. तेवढ्या वेळात ते साचत राहते आणि मग एकदम पेटते, तेव्हा लोखंडावर हातोडी बसावी तसा कोरडा, टणक आवाज येतो. याच्या जोडीला पांढरा, डोळे चुरचुरवणारा धूर असतो आणि इंजिन तापत जाईल तसा धूर व आवाज दोन्ही ओसरतात. नोझल ठिबकत असेल किंवा ठरलेल्या दाबापेक्षा कमी दाबाला उघडत असेल, तर हा ठोका एखाद्याच सिलिंडरमध्ये उठून ऐकू येतो. सहाही सिलिंडर सारखेच वाजत असतील, तर टायमिंगकडे, म्हणजे डिझेल फवारण्याच्या वेळेकडे, पाहावे: गाडीला ओढ यावी म्हणून पंप पुढे घेण्याची, म्हणजे डिझेल लवकर फवारण्याची, सवय अनेक ठिकाणी आहे आणि त्याची किंमत थंडीत मोजावी लागते. केरोसीनची भेसळ असलेले डिझेलही पेटण्यास उशीर करते, म्हणून ठोका अचानक एखाद्या टाकीनंतर सुरू झाला असेल तर आधी डिझेल बदलून पाहावे.

बेअरिंगचा ठोका याहून जड आणि खोल असतो, पण कानावर विसंबणे धोक्याचे आहे. वेळ आणि ऑईल प्रेशर यांवर विसंबावे. थंड ऑईल दाट असल्यामुळे झिजलेले कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग सकाळी उलट शांत राहते आणि घाट चढून इंजिन तापल्यावर, ऑईल पातळ झाल्यावर, वाजू लागते. अपवाद सुरुवातीच्या काही सेकंदांचा: रात्रभरात ऑईल खाली उतरलेले असते आणि प्रेशर येईपर्यंत ठोका ऐकू येतो. प्रेशर येताच आवाज थांबत असेल, तर प्रथम ऑईलची पातळी, त्याची ग्रेड आणि फिल्टर तपासावा. मात्र गरम इंजिनात आयडलवर प्रेशर घसरते आणि ठोका वाढतो, अशी जोडी दिसली तर गाडी त्याच दिवशी उभी करावी. फिल्टर कापून त्यात चकाकणारा कीस आहे का ते पाहावे आणि चेंबर उतरवून बेअरिंगवर तांबूस थर उघडा पडला आहे का ते तपासावे. याच टप्प्यावर थांबल्यास काम अनेकदा नवीन बेअरिंगवर किंवा क्रँक ग्राइंड करण्यावर निभावते. पुढे चालवल्यास रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो.

या दोहोंत निवड करण्यासाठी मिस्त्री एकेका नोझलच्या पाईपचा नट सैल करून सिलिंडर तोडतात, म्हणजे त्याचे डिझेल बंद करतात. चाचणी उपयोगी आहे, पण अपुरी: सिलिंडर तोडल्यावर ज्वलनाचा भार जातो, म्हणून नोझलचा ठोका थांबतो आणि बेअरिंगचाही बराच कमी होतो. खरा निकाल अदलाबदलीने लागतो. संशयित सिलिंडरचे नोझल नवा तांब्याचा वॉशर घालून दुसऱ्या सिलिंडरमध्ये बसवावे आणि पुढच्या थंड सकाळी ऐकावे. ठोका नोझलबरोबर सरकला तर दोष नोझलचाच, आणि जागेवरच राहिला तर पंपाचा त्या सिलिंडरचा भाग, पिस्टन किंवा बेअरिंग. नट सैल करताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि हात फवाऱ्यापासून दूर हवेत, कारण दाबाखालचे डिझेल कातडीत शिरते. कॉमन रेल इंजिनावर, म्हणजे जिथे सर्व नोझलना एकाच नळीतून अतिशय जास्त दाबाचे डिझेल मिळते तिथे, ही युक्ती कधीही करू नये.

पिस्टनचा ठोका पोकळ असतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगला की स्लीव्हमधली (सिलिंडरच्या आतल्या नळीतली) फट भरून काही मिनिटांत विरतो. पांढरा धूर नसतानाही तो येतो आणि ऑईल प्रेशर मात्र ठीक दाखवते. तो थंडीपुरताच असेल, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) वाफेचा जोर नसेल आणि ऑईल कमी होत नसेल, तर सुरू झाल्याबरोबर रेस न देता कांद्याचा हंगाम निर्धास्त काढता येतो. पिस्टन-स्लीव्हचे काम पावसाळ्यात, गाडी तशीही उभी असते तेव्हा घ्यावे.