मॉडेल ७० घ्यायचीय, पण कुठल्या गावची?

मावसभावाला ग्रीन कार्ड मिळालं आणि पठ्ठ्याने पहिला फोन केला तो रायफलसाठी. दादा, हरणाच्या सीझनला विंचेस्टर मॉडेल ७० घ्यायची म्हणतोय, पण दुकानदार सांगतो जुनी बघ, नवीन आता पोर्तुगालहून येते. तासभर बोललो त्याच्याशी, मग वाटलं लिहूनच टाकावं, कारण पेन्सिल्व्हेनियात आपल्यातले अजून दोनतीन जण हेच विचारत असतात.

आधी मुळात ही बंदूक कुठली ते. १९३६ ला कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला सुरू झाली, मूळ कल्पना जर्मन माउझर ९८ ची. बोल्टच्या (काडतूस नळीत ढकलणारा, मागेपुढे सरकणारा दांडा) बाजूला एक लांब पोलादी नखी असते, काडतूस मॅगझिनमधून वर आलं की त्याची कड त्या नखीखाली सरकते आणि तिथून ते बाहेर फेकलं जाईपर्यंत नखी सोडत नाही, म्हणून तुम्ही घाईत बोल्ट अर्धाच ढकलून परत ओढला तरी दोन काडतुसं एकात एक अडकत नाहीत. ह्याला कंट्रोल्ड राउंड फीड म्हणतात आणि सगळं भांडण ह्यावरच आहे.

१९६३ पर्यंत हे असंच चाललं. पोलाद घडवून, मग मशीनवर एकेक कड कोरून रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो ते घर) काढायचे, अक्रोडाच्या दस्त्यावर चेकरिंग म्हणजे पकडीसाठीची चौकड्यांची नक्षीही खरी कापलेली. काम देखणं, पण मजुरी वाढत गेली आणि हिशोब बसेना. मग १९६४ ला कंपनीने सगळंच बदललं, नखी गेली, तिच्या जागी बोल्टच्या तोंडात रिकामं काडतूस ओढून काढणारा छोटा एक्स्ट्रॅक्टर आणि ते बाहेर फेकणारा स्प्रिंगचा इजेक्टर आला, चेकरिंग कापायच्या ऐवजी लाकडावर दाबून उमटवायला लागले आणि नळी नि दस्ता ह्यांच्यामध्ये एवढी फट की बघणाऱ्याला वाटावं सुतार जेवायला गेलाय. लोक भडकले ते अजून शांत झालेले नाहीत, 'प्री-६४', म्हणजे १९६४ च्या आधीची, हा शब्द तेव्हापासूनचा.

आता गंमत बघा. हा सगळा बिघाड झाला तो न्यू हेवनमध्येच. गाव तेच, कारखाना तोच. म्हणून कोणी पोर्तुगाल म्हटल्यावर नाक मुरडलं की मी त्याला १९६४ ची आठवण करून देतो. (आपल्याला पोर्तुगाल म्हटलं की गोवा नि वसई आठवते, इथल्या म्हाताऱ्यांना फक्त 'अमेरिकेत नाही' एवढंच ऐकू येतं.)

तर प्री-६४ घ्यावी का? जुन्या वस्तूचं वेड असेल तर जरूर, हातात घेतली की बोल्ट असा लोण्यासारखा सरकतो की पैसे गेल्याचं दुःख होत नाही. सीरियल नंबर ७ लाखाच्या खाली हवा, ती पहिली खूण. पण आधीच्या मालकांनी काय काय केलंय ते बघा. मी एका दुकानात 'एकदम ओरिजिनल' म्हणून दाखवलेली बघितली, दस्ता मागून कापून रबरी पॅड लावलेला आणि रिसीव्हरवर जास्तीचं एक भोक, दुकानदार वर तोंड करून संग्राहकाचा भाव सांगत होता. शिकारीला ते चालेल हो, पण मग भावही शिकारीचाच द्यावा. अगदी युद्धाआधीची असेल तर तिची सेफ्टी दुर्बीण बसवताना आड येते, ते वेगळंच.

१९६४ ते ६७ ची मुद्दाम शोधू नका. १९६८ पासून बोल्ट अडखळू नये म्हणून सुधारणा झाली आणि पुढच्या बंदुका बऱ्याच नीट झाल्या, नेमबाजीला तर पुश फीडवाल्या, म्हणजे ह्या बिननखीच्या, कधीच वाईट नव्हत्या. कमी पैशात हवी असेल आणि फक्त हरणच मारायचं असेल तर सेकंडहँड रॅकवरची अशी एखादी अजिबात वाईट नाही.

मधे मालकी फिरली. १९८१ ला विंचेस्टरची मालक कंपनी ऑलिनने कारखाना विकला, विंचेस्टर हे नाव मात्र स्वतःकडे ठेवून नवीन कंपनीला भाड्याने दिलं, ती कंपनीही काही वर्षांत दिवाळखोरीत गेली आणि शेवटी बेल्जियमच्या एफएन ह्या बंदूक कंपनीच्या घरात आली. १९९२ ला 'क्लासिक' नावाने नखी परत आली, ह्यावेळी कॉम्प्युटरच्या मशीनवर कापलेली. ह्या काळातली घेताना एक लक्षात ठेवा, स्वस्तातल्या पुश फीडवाल्याही बरोबरीने विकत होते, त्यामुळे नुसतं साल बघून घेऊ नका, बोल्ट बाहेर काढून नखी डोळ्यांनी बघा. फिनिशिंगही एकसारखं नाही, एक सुंदर तर दुसरीच्या कडा खरखरीत.

मार्च २००६ ला न्यू हेवन बंद. शेवटी दोनशेसुद्धा कामगार उरले नव्हते तिथे.

२००८ पासून साउथ कॅरोलायनातलं कोलंबिया, म्हणजे एफएनचा तोच कारखाना जिथे सैन्याच्या मशीनगन बनतात. नखी आहे, तीन टप्प्यांची सेफ्टी आहे, ट्रिगर मात्र नवा, डबीत बंद. जुना उघडा नि साधा होता, माती-बर्फ गेला तरी झटकून मोकळा, नवा दाबायला जास्त छान पण आत काय चाललंय ते दिसत नाही. माझ्याकडे ह्या काळातली ३०-०६ काडतुसाची फेदरवेट, म्हणजे मॉडेल ७० ची हलकी आवृत्ती, आहे त्यामुळे मी थोडा पक्षपाती आहे हे मान्य.

२०१३ पासून जुळणी पोर्तुगालला, वियाना दो कास्तेलोच्या ब्राउनिंग कारखान्यात, तोही एफएनच्याच घरातला. आराखडा तोच. मित्राची शेजारी ठेवून बघितली, नळीवरचा मजकूर झाकला तर मला फरक सांगता आला नसता, उलट त्याच्या दस्त्याची बसवणी माझ्यापेक्षा घट्ट. नवीन हजार डॉलरच्या वर जाते पण वॉरंटी मिळते, आणि ६.५ क्रीडमूरसारखं काडतूस हवं असेल तर प्री-६४ चा विषयच संपला, ते आलंच २००७ ला.

अजून एक, एच-१बी वाल्यांनी नुसतं दुकानात जाऊन उभं राहू नका, त्या व्हिसावर बंदूक घ्यायला बंदी आहे, चालू हंटिंग लायसन्स असेल तर सूट मिळते, तेव्हा आधी ते काढा. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही.

मावसभावाने शेवटी माझ्यासारखीच कोलंबियाची सेकंडहँड फेदरवेट घेतली. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सीझन उघडतो, आणि आता रोज दुर्बीण कुठली घेऊ म्हणून मेसेज येतायत.